सायकल पुन्हा शिकावीच लागते

"सायकल काय शिकायची? एकदा आली की जन्मभर येते." अमेरिकेतल्या मराठी घरांत हे वाक्य इतक्या सहज बोललं जातं की त्यावर कुणी हरकतही घेत नाही. पुण्या-नाशकात शाळा-कॉलेज सायकलीवर केलेला, पुढे इथे येऊन वीस-पंचवीस वर्षं फक्त मोटार चालवलेला माणूस पन्नाशीला डॉक्टरांनी व्यायाम सांगितला म्हणून सायकल विकत घेतो आणि थेट रस्त्यावर येतो. भारतातून आई-वडील सहा महिन्यांसाठी आले की नातवाची जुनी सायकल त्यांच्या हाती दिली जाते. "बाबा, तुम्हाला तर येतेच की!" बाबाही खूश होतात आणि निघतात.

ही समजूत मला चुकीची वाटते. इतकंच नाही, ती धोक्याची वाटते. तोल सांभाळता येणं ही सायकल चालवण्याची पहिली पायरी आहे. गावच्या विहिरीत सूर मारणाऱ्याला पाण्याची भीती नसते, पण म्हणून तो खवळलेल्या समुद्रात सुखरूप राहील असं कुणी म्हणत नाही. अमेरिकेतल्या रस्त्यावर जीव वाचवणाऱ्या बऱ्याच गोष्टी आपण भारतात शिकलेलो नसतो, आणि ज्या शिकलेलो असतो त्यांतल्या काही इथे नेमक्या उलट्या आहेत.

ब्रेकचंच बघा. भारतातल्या बहुतेक सायकलींवर इंग्रजी पद्धतीप्रमाणे उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाचा आणि डाव्या हाताचा मागच्या चाकाचा असतो. अमेरिकेत याच्या बरोबर उलट. इथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या नियमातच लिहिलं आहे की डाव्या मुठीचा ब्रेक पुढचा आणि उजव्या मुठीचा मागचा असावा. ग्राहकानं मागितलं तरच अदलाबदल करावी. आता ज्यानं लहानपणापासून उतारावर डावा ब्रेक बिनधास्त आवळला, कारण तो मागच्या चाकाचा, त्याच्यासमोर इथे अचानक कुत्रं आडवं आलं तर काय होईल? हात विचार करायला थांबत नाही. डावी मूठ आवळली जाते, पुढचं चाक जागच्या जागी धरलं जातं, अंगाचा भार पुढे जातो आणि माणूस हँडलवरून पलीकडे पडतो. ज्याला सायकल मुळीच येत नाही तो ही चूक करणार नाही, कारण त्याच्या हाताला जुनी सवयच नाही. ती करतो 'येणारा'.

यावर लगेच कुणी म्हणेल की मग पुढचा ब्रेक वापरायचाच नाही. हा सल्लाही आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या दिला जातो आणि तोही चुकीचा आहे. ब्रेक लागला की वजन पुढच्या चाकावर येतं, मागचं चाक हलकं होतं आणि घसरतं. म्हणजे सायकल थांबवण्याची खरी ताकद पुढच्याच ब्रेकात असते. मॅसॅच्युसेट्समधल्या न्यूटनचे शेल्डन ब्राउन हे सायकल दुरुस्तीतलं अमेरिकेतलं फार आदराचं नाव. २००८ साली ते वारले, पण पुढचा ब्रेक नीट वापरायला शिका हा त्यांचा आग्रह आजही दाखल्यासारखा सांगितला जातो. शिकायचं कसं? रिकाम्या पार्किंगमध्ये सावकाश चालत्या सायकलीवर दोन्ही ब्रेक हळूहळू दाबायचे, त्याच वेळी सीटवरून किंचित मागे सरकायचं, कोपर सैल ठेवायचे आणि मागचं चाक हलकं झाल्याचं जाणवलं की पुढची मूठ थोडी सोडायची. एका सकाळी निम्मं अंगवळणी पडतं. पण ती सकाळ द्यावी लागते.

दुसरा गैरसमज जास्त हट्टी आहे, कारण तो काळजीपोटी आला आहे. "समोरून येणारी गाडी दिसली पाहिजे, म्हणून उलट्या बाजूनं चालव," असं आपल्याकडची वडीलधारी माणसं नातवंडांना सांगतात, आणि "रस्त्यावर जाऊच नकोस, फुटपाथवरूनच जा" असं आई-बाप सांगतात. पायी चालणाऱ्यासाठी पहिला सल्ला बरोबर आहे. सायकलवाल्यासाठी नाही. सायकल ताशी १२ मैलांनी जाते आहे आणि मोटार ३५ मैलांनी, असं धरा. एकाच दिशेनं जाताना मोटार ताशी २३ मैलांच्या फरकानं जवळ येते. समोरासमोर असताना ४७ मैलांच्या. चालकाला विचार करायला मिळणारा वेळ निम्म्याहून कमी होतो. आणि त्याहून मोठा धोका चौकात असतो. कॅलिफोर्नियात लाल दिव्यावर थांबून उजवीकडे वळायला परवानगी आहे. वळणारा चालक बघतो डावीकडे, कारण गाड्या तिकडून येतात. उलट्या बाजूनं किंवा फुटपाथवरून उलट दिशेनं येणारी सायकल त्याच्या उजवीकडून येते. तिकडे त्याची मान वळलेलीच नसते.

हे माझं एकट्याचं मत नाही. ॲलन वॉक्टेल आणि डायना लुइस्टन यांनी पालो आल्टो शहरातल्या चौकांतल्या सायकल-मोटार धडकांचा अभ्यास करून १९९४ साली तो प्रसिद्ध केला. फुटपाथवरून चालवणाऱ्याचा धोका रस्त्यावरच्या सायकलवाल्यापेक्षा सरासरी १.८ पट निघाला आणि वाहतुकीच्या उलट दिशेनं चालवणाऱ्याचा ३.६ पट. पालो आल्टो म्हणजे आपल्या शेकडो मराठी कुटुंबांचं येण्याजाण्याचं गाव. तिथल्याच चौकांचे हे आकडे आहेत. ज्या फुटपाथला आपण सुरक्षित समजतो तो दर काही पावलांवर कुणाच्या तरी ड्राइव्हवेला छेदतो, आणि ड्राइव्हवेतून मागे येणारी गाडी पायी चालणाऱ्याच्या वेगाचा अंदाज धरून येते, सायकलीच्या वेगाचा नाही. न्यूयॉर्क शहरात तर मोठ्या माणसानं फुटपाथवर सायकल चालवणं बेकायदाच आहे. सहा-सात वर्षांच्या पोरानं आईबरोबर फुटपाथवरून हळूहळू जाणं वेगळं. चाळिशीच्या माणसानं तिथून वेगानं जाणं वेगळं.

पालो आल्टोचं नाव निघालं की जॉन फॉरेस्टर यांचा विषय टाळता येत नाही. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला या शहरानं काही रस्त्यांवर सायकलवाल्यांना फुटपाथवर ढकललं, तेव्हा फॉरेस्टर मुद्दाम रस्त्यावरूनच जात राहिले, दंड पत्करला आणि भांडले. १९७६ साली त्यांनी 'इफेक्टिव्ह सायकलिंग' हे पुस्तक काढलं. सायकलवाला स्वतः वाहनचालकासारखा वागला आणि इतरांनी त्याला तसंच वागवलं तरच त्याचं भलं होतं, हा त्यांच्या मांडणीचा गाभा. आज सायकल शिकवणाऱ्या अमेरिकेतल्या बहुतेक वर्गांत रस्त्यावर कुठे राहायचं, कधी मान वळवायची, डावीकडे कसं वळायचं हे जे शिकवतात त्याचं बरंच श्रेय त्यांना द्यावं लागतं. पण फॉरेस्टर यांनी एक मोठं नुकसानही केलं. सायकलींसाठी वेगळे मार्ग बांधण्याला त्यांनी आयुष्यभर विरोध केला, २०२० साली वारले तोपर्यंत. शिकवणं आणि बांधणं यांना त्यांनी एकमेकांचे शत्रू करून टाकलं. त्याची किंमत शिकवण्याच्या बाजूला अजून मोजावी लागते आहे.

कारण आज माझ्यासारख्याला सर्वांत जोरदार विरोध होतो तो सायकलप्रेमींकडूनच. त्यांचं म्हणणं असं: माणसं मरतात ती रुंद, वेगवान रस्त्यांमुळे आणि दिवसेंदिवस मोठ्या होत चाललेल्या गाड्यांमुळे. सायकलवाल्याला शिकवा म्हणणं म्हणजे खापर त्याच्या डोक्यावर फोडणं. आधी मार्ग बांधा. या म्हणण्यातला पहिला भाग मला पूर्ण मान्य आहे. २०२२ साली अमेरिकेत ११०० हून जास्त सायकलस्वार रस्त्यावर मेले. त्यांतल्या कित्येकांची काहीच चूक नव्हती, आणि मागून भरधाव आलेल्या ट्रकपुढे कुठलंही प्रशिक्षण पुरं पडत नाही. नगरपालिकेच्या बैठकीत सायकलमार्गाचा विषय निघाला की मराठी माणसानं तिथे उभं राहून बोललं पाहिजे असं मला मनापासून वाटतं. पालो आल्टोच्याच नगरसेविका एलन फ्लेचर नाझी जर्मनीतून वाचलेल्या लहान मुलांपैकी एक. त्यांच्या चिकाटीमुळे ब्रायंट स्ट्रीट हा ऐंशीच्या दशकात सायकलींना प्राधान्य देणारा रस्ता झाला. काही चौकांत मोटारीला अडथळा आणि सायकलीला वाट, अशी त्याची साधी रचना. आज त्या रस्त्याला त्यांचं नाव आहे.

पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. ज्या देशाचे सायकलमार्ग जगात आदर्श मानले जातात त्या नेदरलँड्समध्ये प्राथमिक शाळेतली मुलं सायकलीवर वाहतुकीची परीक्षा देतात आणि बाहेरून येऊन स्थायिक झालेल्या बायकांसाठी सायकलचे वर्ग चालतात. ज्यांनी सगळं बांधलं ते शिकवणं थांबवत नाहीत, मग ज्यांच्याकडे अर्धवट बांधलेलं आहे त्यांनी कशाच्या जोरावर थांबवायचं? आपल्या उपनगरांतला सायकलमार्ग म्हणजे बहुतेक ठिकाणी रस्त्याच्या कडेला रंगवलेली एक पांढरी रेघ. कचऱ्याची गाडी यायच्या दिवशी त्या पट्ट्यात ओळीनं पिंपं उभी असतात. एका पिंपाशी पोचलात की पट्ट्यातून बाहेर पडून मोटारींच्या मार्गात यावं लागतं, आणि तिथे खरं कौशल्य लागतं. डाव्या खांद्यावरून मागे बघायचं, हात दाखवायचा, पुन्हा बघायचं आणि मग सरकायचं. मागे बघताना नवख्याचं हँडल त्याच बाजूला वळतं आणि सायकल सरळ मोटारीच्या वाटेवर जाते. हे टाळायला एक सोपा सराव आहे. पार्किंगच्या सरळ रेघेवर चालवायचं, मागे उभ्या असलेल्या मित्रानं हाताची काही बोटं वर करायची आणि तुम्ही मान वळवून ती किती हे सांगायचं. चाक रेघेवरून हललं तर पुन्हा. हा सराव कुठलीही नगरपालिका आपल्याला बांधून देणार नाही.

कायदा सायकलवाल्याच्या बाजूनं आहे, पण तो माहीत असला तरच उपयोगी. कॅलिफोर्नियात सायकलस्वाराला वाहनचालकाचेच हक्क आणि जबाबदाऱ्या आहेत. २०१४ पासून ओलांडणाऱ्या मोटारीनं किमान तीन फूट अंतर ठेवलं पाहिजे असा नियम आहे. सायकलवाल्यानं उजवीकडे राहावं हे खरं, पण डावीकडे वळायचं असेल, वाटेत अडथळा असेल किंवा मोटार आणि सायकल शेजारी मावणार नाहीत इतकी लेन अरुंद असेल तर बाहेर येण्याची मुभा त्याच कायद्यात आहे. आपली माणसं उलट लाजून कडेला चिकटतात, उभ्या गाड्यांना घासून जातात, आणि कुणी दार उघडलं की त्यावर आदळतात. दारापासून तीन-चार फूट दूर राहणं हा उद्धटपणा नाही. रात्री पुढे पांढरा दिवा सक्तीचा आहे, आणि दोन्ही कानांत इअरफोन घालून सायकल चालवणं बेकायदा आहे. हेल्मेटची सक्ती फक्त १८ वर्षांखालच्यांना आहे म्हणून मोठ्यांनी ते काढून ठेवू नये. भुवयांच्या वर दोन बोटं, कानाखाली पट्ट्यांचा नीट त्रिकोण आणि हनुवटीखाली एक-दोन बोटं जातील इतकीच ढिलाई. कपाळ उघडं टाकून मागे सरकवलेलं हेल्मेट कपाळ वाचवत नाही.

आता देखभालीकडे वळतो, कारण तिथे आपला गैरसमज सर्वांत भाबडा आहे. भारतात आपण सायकल चालवली, पण सांभाळली ती नाक्यावरच्या सायकलवाल्यानं. पंक्चर तो काढायचा, ब्रेक तो आवळायचा, दिवाळीच्या आधी ओव्हरऑइलिंग तो करायचा. आपण फक्त हवा भरायचो, तीही त्याच्याच पंपानं. इथे नाका नाही, आणि दुकानात मजुरी एवढी की साध्या दुरुस्तीचा खर्च ऐकून लोक सायकल गॅरेजच्या भिंतीला टांगून ठेवतात. म्हणून चार गोष्टी स्वतःला यायलाच हव्यात.

हवा किती भरायची ते टायरच्या बाजूवर छापलेलं असतं. अंगठ्यानं दाबून अंदाज घेऊ नये. व्हॉल्व्ह इथे दोन प्रकारचे असतात. मोटारीसारखा जाड तो श्रेडर आणि बारीक, टोकाला छोटी चाकी असलेला तो प्रेस्टा. ही चाकी सैल केल्याशिवाय हवा आत जात नाही, हे माहीत नसल्यामुळे चांगल्या ट्यूब बाद झालेल्या मी पाहिल्या आहेत. पंक्चर झालं की ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून बोटं फिरवून बघायचं, नाहीतर जुना काटा नव्या ट्यूबला भोक पाडतो. कॅलिफोर्नियात आणि आयडाहोत हा काटा बहुतेकदा आपला सराटाच असतो. शेताच्या बांधावर अनवाणी पायात रुतणारी तीच वनस्पती इथल्या रस्त्याकडेला पसरली आहे.

चेन ताणली गेली की नाही ते साध्या इंच-पट्टीनं कळतं. नव्या चेनचे बारा पूर्ण दुवे बरोबर बारा इंच भरतात. एक सोळांश इंच जास्त भरले तर चेन बदला. एक अष्टमांश जास्त होईपर्यंत थांबलात तर दातेरी चकत्याही गेलेल्या असतात. तेल प्रत्येक दुव्यावर थेंबभर, आणि मग कोरड्या फडक्यानं पुसून टाकायचं, कारण वर राहिलेलं तेल धूळ ओढतं. डिस्क ब्रेकच्या तबकडीला तेलाचा हात लावायचा नाही.

आणि चाक पक्कं बसवणारी क्विक रिलीजची दांडी. ती स्क्रूसारखी गोल फिरवून आवळायची नसते. दाबून मिटवायची असते, इतक्या जोरानं की तळहातावर तिचा ठसा उमटावा. हा मुद्दा बारीक वाटत असेल तर सांगतो: २०१५ साली ट्रेक कंपनीनं अमेरिकेत सुमारे नऊ लाख सायकली याच दांडीपायी परत मागवल्या, कारण उघडी राहिलेली दांडी पुढच्या डिस्क ब्रेकमध्ये अडकू शकत होती. निघण्यापूर्वी हवा, ब्रेक, चेन आणि चाकाच्या दांड्या एवढं बघायला एक मिनिट पुरतं. मोठ्या दुकानातून जोडून मिळालेल्या स्वस्त सायकलीच्या बाबतीत हे मिनिट दुप्पट मोलाचं, कारण तिथे ब्रेक ढिले आणि हँडल तिरपं असलेल्या सायकली सर्रास विकायला ठेवलेल्या दिसतात.

ज्यांना सायकल कधी आलीच नाही, त्यांच्याविषयी आपण आणखी कठोर बोलतो. "आता या वयात काय?" हा प्रश्न बहुतेक वेळा बाईला विचारला जातो. आपल्या आईच्या पिढीतल्या कितीतरी बायकांना सायकलीला हातही लावू दिला नव्हता, भाऊ शेजारून भरधाव जात असताना. इलिनॉयमधल्या एव्हन्स्टनच्या फ्रान्सिस विलर्ड या त्या काळी अमेरिकेतल्या फार मोठ्या महिला संघटनेच्या अध्यक्ष होत्या. त्या त्रेपन्नाव्या वर्षी सायकल शिकल्या आणि १८९५ साली त्यावर पुस्तक लिहिलं. सव्वाशे वर्षांपूर्वी, पायघोळ झग्यात. आज साठीची मराठी बाई पंजाबी ड्रेस घालून शिकू शकत नाही असं कुणी म्हणणार असेल तर त्यानं त्याचं कारण सांगावं.

शिकवण्याची आपली जुनी पद्धतही सोडायला हवी. सीट मागून धरून पळायचं, "धरलंय, धरलंय" म्हणायचं आणि मधेच सोडून द्यायचं. यात मूल पडतंच, आणि शिकवणाऱ्यावरचा विश्वास जातो तो वेगळा. न्यूयॉर्कमध्ये बाइक न्यूयॉर्क ही संस्था मोठ्यांसाठी मोफत वर्ग घेते. तिथली पद्धत अगदी साधी आहे. पॅडल काढून टाकतात (डाव्या पॅडलची आटी उलटी असते, हे लक्षात ठेवा), सीट इतकी खाली करतात की दोन्ही पावलं जमिनीवर सपाट टेकावीत, आणि शिकणाऱ्याला पायानं ढकलत पुढे जायला सांगतात. हळूहळू पावलं उचलली जातात, सायकल आपोआप सरळ चालते, आणि मगच पॅडल परत लावतात. कुणी मागून धरत नाही, कुणी फसवत नाही. राजधानी वॉशिंग्टनच्या सरकारी शाळांत दुसरीतल्या मुलांना सायकल शिकवली जाते. तिथे जन्मलेल्या मराठी मुलाला ती शाळेत मिळते. त्याच्या आजीला मिळत नाही.

आणि कुणी मराठी माणसाच्या सायकलीवरच्या पराक्रमाचा दाखला देऊ नये. नाशिकचे हितेंद्र आणि महेंद्र महाजन हे डॉक्टर बंधू २०१५ साली 'रेस अक्रॉस अमेरिका' जोडीनं पूर्ण करून आले. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली ती एकट्यानं पूर्ण केली. कॅलिफोर्नियापासून मेरीलँडपर्यंत सुमारे तीन हजार मैल. त्यांचा अभिमान मलाही आहे. पण ते वर्षानुवर्षं तयारी करून उतरले होते आणि त्यांच्यामागे मदतीची गाडी होती. आपल्या बाबांच्या मागे कुणी नसतं.

बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून आहे आणि अमेरिकेतल्या गावोगावच्या मंडळांकडे सभागृहं, स्वयंसेवक आणि उत्साह आहे. लीग ऑफ अमेरिकन बायसिकलिस्ट्स ही १८८० सालची संस्था प्रशिक्षक तयार करते, आणि ते बोलावल्यावर येतात. १९५६ पासून मे हा अमेरिकेत सायकल महिना म्हणून पाळला जातो. माझी मंडळांच्या कार्यकारिणींना विनंती आहे: येत्या मेमधला एक शनिवार द्या. मराठी शाळेचं पार्किंग मोकळं करा, सायकली गोळा करा, प्रशिक्षक बोलवा, आणि भारतातून आलेल्या आई-बाबांना सगळ्यात आधी नाव नोंदवायला सांगा. आणि तोवर बाबांच्या हाती नातवाची सायकल देण्याआधी त्यांना एवढं तरी सांगा की इथे डावा ब्रेक पुढचा असतो.